अर्धा कटिंग पाणी आणि ट्रकचं इंजिन

जुलैतली दुपार. समुद्राला भरती, वरून कोसळता पाऊस. जुहू गल्लीतून अंधेरीकडे निघालेला एक टेम्पो सखल भागात साचलेल्या पाण्यात शिरतो. पाणी गुडघ्याच्या वर. मध्यावर आल्यावर इंजिन एकदा खोकतं आणि बंद पडतं. चालक सवयीने सेल्फ मारतो. 'ठक्' असा एकच आवाज येतो आणि पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरतं. बॅटरी ठणठणीत असते, टाकीत डिझेल असतं, इंजिन मात्र फिरत नाही. मिस्त्री क्रँकला पाना लावून जोर देऊन पाहतो आणि मान हलवतो, "रॉड वाकलाय शेठ. इंजिनाचं काम निघालं."

वर्षानुवर्षं टनावारी माल ओढणारं लोखंडी धूड पाण्याने कसं मेलं? आणि किती पाण्याने? कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाइतकं पाणी त्याला पुरतं. हे कसं घडतं ते कळलं, तर मेलेलं इंजिन कमी खर्चात, शक्य तितकं आपल्या हाताने कसं बदलायचं तेही कळतं. कारण इंजिन आपण होऊन मरत नाही, त्याला काहीतरी मारतं. तो मारेकरी गाडीतच राहिला, तर नवं इंजिनही त्याच वाटेने जातं आणि वाचवलेला पैसा दुप्पट होऊन खर्ची पडतो.

सायकलचा पंप आणि डिझेलचं इंजिन

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, हे आपण लहानपणीच अनुभवलेलं असतं. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिन याच गुणावर चालतं. नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, दट्ट्या वरखाली होतो. या दट्ट्याला पिस्टन म्हणतात. तो खाली येताना हवा आत ओढतो. वर जाताना ती हवा दाबतो, इतकी की तिचा आकार सुमारे सतराव्या हिश्शावर येतो आणि तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं. ठिणगी लागत नाही, फवारा आपोआप पेटतो. स्फोटाच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो आणि परत वर येताना धूर बाहेर फेकतो. ओढणं, दाबणं, पेटणं, फेकणं. रुडॉल्फ डिझेलने जर्मनीत ऑग्सबर्गला १८९७ मध्ये असं इंजिन चालवून दाखवलं, त्या वेळी जे चाललं तेच आजही चालतं.

पिस्टनची ही वरखाली चाल गोल फिरण्यात बदलतो तो क्रँक. शिवणयंत्राची पायपट्टी वरखाली होते आणि चाक गोल फिरतं, तसंच हे. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड.

आता अर्ध्या कटिंगचा हिशेब. टाटांच्या ४९७ या इंजिनाचं नावच त्याचं माप सांगतं. पहिला ४ म्हणजे चार सिलिंडर, ९७ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची चाल १०० मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरची जागा सुमारे ७३९ मिलिलिटर आणि चारींची मिळून २,९५६. मोठ्या ट्रकमधलं ६९७ इंजिन याच रीतीने वाचायचं: सहा सिलिंडर, व्यास तोच ९७. हवा सतराव्या हिश्शावर दाबायची, तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा साधारण ४६ मिलिलिटर. हवा त्या जागेत मावते, कारण ती दबते. पाणी दबत नाही. ४६ मिलिलिटरहून थोडं जास्त पाणी आत गेलं की वर येणाऱ्या पिस्टनपुढे भिंत उभी राहते. मागून फिरतं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, रेटा देत असतं. पाणी हटत नाही, सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, फुटत नाही, मग मधला रॉड वाकतो. बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारला तरी तेच होतं. सेल्फच्या छोट्या दातेरी चाकापुढे फ्लायव्हीलची दातेरी कडी खूप मोठी असते, त्यामुळे छोट्या मोटरचा जोर कित्येक पट होऊन क्रँकवर येतो.

२६ जुलै २००५ ला जुहूच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पडला. त्या पुरात उपनगरांतल्या असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा वाचवता येतं. पाणी काढण्याआधी मारलेला सेल्फ ते वाचू देत नाही.

चार मारेकरी

पहिला मारेकरी पाणी. ते हवेच्या नळीतून शिरतं. दुसरा आणि सर्वांत नेहमीचा मारेकरी म्हणजे ऑइलचा अभाव. क्रँक आणि रॉड यांच्या जोडावर बेअरिंगचे अर्धगोल पत्रे असतात. पण चालू इंजिनात क्रँक त्या पत्र्यांना टेकतच नाही. ऑइलचा एक पातळ थर त्याला उचलून धरतो, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ. ओल्या फरशीवर पाय घसरतो, तसा क्रँक त्या थरावर घसरत राहतो. ऑइल कमी झालं, जुनं होऊन पातळ पडलं किंवा पंप थकला, की थर फाटतो आणि धातूला धातू घासतो. आधी 'टक टक', मग 'ठक ठक', आणि शेवटी बेअरिंग चिकटून क्रँक जाम. याला गॅरेजात 'इंजिन सीज झालं' म्हणतात.

तिसरा मारेकरी उष्णता. जळलेल्या डिझेलच्या ताकदीतला मोठा हिस्सा चाकांपर्यंत पोचतच नाही. तो उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सर यांतून बाहेर जातो. रेडिएटर तुंबला की ती उष्णता आतच कोंडते, हेड वाकडं होतं, हेडखालची पॅकिंग जळते आणि पाणी ऑइलमध्ये मिसळतं. जुहूसारख्या ठिकाणी हे लवकर घडतं. जुहू तारा रोडच्या कडेला वर्षभर उभ्या राहणाऱ्या टेम्पोवर समुद्राचा खारा वारा चोवीस तास काम करत असतो. रेडिएटरच्या बारीक पातळ पट्ट्या तो आधी खातो. पट्ट्या कागदासारख्या चुरगळल्या की आत पाणी कितीही भरलं तरी ते थंड होत नाही.

चौथा धूळ. फाटलेल्या एअर फिल्टरमधून आत गेलेली धूळ पॉलिश पेपरसारखी सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते. हा हळू मारतो. गाडी ऑइल खाऊ लागते, निळा धूर मारते, चढावर दम टाकते.

खरंच मेलंय का?

'इंजिन गेलं' हे वाक्य ऐकून लगेच खर्चाला लागू नये. पहिली तपासणी जवळपास फुकट होते. बॅटरीची तार काढा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून हाताने फिरवून पाहा. जड पण फिरतंय, तर क्रँक जाम नाही. अर्ध्यात अडकतंय आणि उलट फिरवल्यावर परत तिथेच अडकतंय, तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा वाकलेला रॉड असण्याचा संशय धरा. नोझल काढून पुन्हा फिरवा. पाणी पिचकारीसारखं बाहेर आलं आणि मग क्रँक मोकळा फिरला, तर नशीब बलवत्तर. तरी प्रत्येक पिस्टन सारख्याच उंचीवर येतो का, ते नोझलच्या भोकातून सळी टाकून मोजा. एखादा बुटका निघाला, तर त्याचा रॉड वाकलेला आहे.

नंतर ऑइलची पट्टी ओढा. ऑइल दुधाळ, ताकासारखं झालं असेल तर त्यात पाणी आहे. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग गेलेलं असतं. ऑइल स्वच्छ आहे, क्रँक फिरतोय, तरी गाडी चालू होत नाही? मग दोष डिझेलच्या पुरवठ्यात असू शकतो. लाइनमध्ये हवा शिरलेली असेल किंवा फिल्टर तुंबलेला. शेवटी कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहा. चारपैकी एकच कमी असेल तर काम फक्त हेडचंही असू शकतं. सगळेच कमी असतील तर रिंगा आणि सिलिंडरचं आतलं अस्तर, म्हणजे लाइनर, थकलेत. या तासाभराच्या तपासणीने पूर्ण इंजिनाचा खर्च कधी कधी एका पॅकिंगवर येतो.

आणखी एक गोष्ट इंजिनाआधी पाहायची: चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. खाऱ्या हवेने चासीचे पत्रे सोलले असतील, तर नवं इंजिन जुन्या पडक्या घराला नवं छत घालण्यासारखं आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस तपासणीला उभं राहावं लागतं. गाडी त्या तपासणीत आणखी किती वर्षं टिकेल, याचा प्रामाणिक अंदाज आधी करावा.

तीन वाटा

पहिली वाट, आपलंच इंजिन बांधून घेणं. इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं आणि ब्लॉक, क्रँक, हेड लेथवाल्याकडे न्यायचं. तो सिलिंडर बोअर करतो किंवा नवे लाइनर ठोकतो, क्रँक घासून गोल करतो, हेड सपाट करतो. मग नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग घालून जोडणी. ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तर ही वाट चांगली. इंजिन नंबर तोच राहतो, त्यामुळे कागदांची दगदग नाही.

दुसरी वाट, हाफ इंजिन. म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन इतका जोडलेला खालचा भाग विकत घ्यायचा आणि आपलं हेड, पंप, सेल्फ, अल्टरनेटर त्यावर चढवायचं. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल आणि हेड चांगलं असेल, तेव्हा ही वाट.

तिसरी वाट, वापरलेलं पूर्ण इंजिन. अपघातात चेपलेल्या किंवा भंगारात काढलेल्या गाडीचं चालू इंजिन आणून बसवायचं. कामाच्या दिवसांच्या हिशेबात हीच सर्वांत झटपट. रोजी टेम्पोवर असलेल्या माणसाला गाडी उभी असलेला प्रत्येक दिवस महाग पडतो, म्हणून बरेच जण हीच वाट धरतात. यातला धोका एकच, पण मोठा. आत काय आहे ते दिसत नाही.

हे सगळं जुन्या, यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांना लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत इंजिन, कॉम्प्युटर, सेन्सर आणि धूर गाळणारी यंत्रणा एकमेकांत गुंतलेली असते. त्यांच्या नोझल लाइनमधला दाब इतका प्रचंड असतो की गळतीवर बोट ठेवलं तर डिझेल कातडीत घुसतं. तिथे घरगुती हात घालू नये.

कुर्ल्याच्या बाजारात

जुहूहून वापरलेलं इंजिन शोधायला माणूस सहसा कुर्ल्याला, सीएसटी रोडकडे वळतो. जुन्या सुट्या भागांची दुकानं तिथे ओळीने आहेत. गाड्यांशी या पट्ट्याचं नातं जुनं. वालचंद हिराचंद यांची १९४४ ची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याचीच. आणि आपण ज्याला सर्रास 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द जर्मनीतल्या टेम्पो कंपनीचा. तिच्या तीनचाकी गाड्या बजाज टेम्पोने १९५८ मध्ये गोरेगावात बनवायला घेतल्या आणि कंपनीचं नाव गाडीचं नाव होऊन बसलं.

दुकानात इंजिन पाहताना घाई करू नका. तेच मॉडेल, तीच पिढी हवी. चार बोल्टांच्या जागा जुळल्या म्हणून इंजिन जुळत नाही. फ्लायव्हील, क्लच, पंपाची बाजू, माउंटिंग सगळं ताडून पाहा. ऑइल भरायचं झाकण काढून आत बघा. काळं ऑइल चालेल, करपलेला गाळ नको. हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. तो पुढे-मागे सरकवून पाहा, जाणवेल इतका खेळ नको. पाण्याच्या भोकांत बोट घाला, गंजाचे पापुद्रे निघाले तर ते इंजिन साधं पाणी पिऊन जगलेलं आहे. ऑइल सम्प उघडू दिला तर एक बेअरिंग कॅप खोलून पत्रा पाहा. सारखा करडा रंग चांगला, खाली तांबूस धातू दिसला तर सोडून द्या.

यंत्राइतकंच महत्त्व नंबराचं. इंजिन नंबरावर घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील तर किंमत कितीही कमी असली तरी हात लावू नका. पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि ते कोणत्या गाडीतून निघालं त्याचे कागद मागा. चोरीच्या गाडीचं इंजिन स्वस्त मिळतं, पण पुढे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावतं.

उतरवणं: घाईचं काम नाही

जागा आधी ठरवा. रस्त्याच्या कडेला किंवा सोसायटीच्या आवारात हे काम होत नाही. चार दिवसांसाठी शेडची जागा भाड्याने घेणं परवडतं. जमीन काँक्रीटची आणि सपाट हवी. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन अडीच-तीनशे किलोच्या घरात जातं, सहा सिलिंडरचं त्याहून बरंच जड. दोन टनी चेन कप्पी भाड्याने आणा आणि ती टांगायला पक्की कमान किंवा तिकाटणं घ्या. घराच्या तुळईला किंवा शेडच्या पत्र्याच्या अँगलला टांगू नका. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरायला खाली घोड्या लावायच्या. आणि टांगलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय क्षणभरही नको.

आदल्या दिवशी प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. समुद्रकाठच्या गाडीत हे चुकवलं तर निम्मे बोल्ट तुटतात आणि एका तुटलेल्या बोल्टमागे एक दिवस जातो. काम सुरू करताना सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं पाणी आणि ऑइल वेगवेगळ्या डब्यांत उतरवा. मग हवेच्या आणि पाण्याच्या नळ्या, डिझेलच्या लाइन, वायरी, ॲक्सिलरेटरची केबल, सायलेन्सरचा जोड या क्रमाने मोकळं करत या.

इथे मोबाईल हे सर्वांत उपयोगी हत्यार आहे. प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो काढा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर लिहा. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. सारखे दिसणारे बोल्ट लांबीला वेगळे असतात. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर तो ब्लॉक फोडतो. उतरवताना अर्धा तास जास्त गेला तरी जोडताना दोन दिवस वाचतात.

गिअरबॉक्स सुटण्याआधी त्याखाली दुसरा जॅक द्या. तो लोंबकळला तर त्याच्या शाफ्टवर वजन येऊन क्लच प्लेट चिरडते. इंजिन कोणत्या वाटेने बाहेर येईल ते गाडीवर अवलंबून असतं. काही गाड्यांत रेडिएटर आणि पुढचा पत्रा काढून समोरून, काहींत केबिन पुढे कलवून वरून, तर सीटखाली इंजिन असलेल्या छोट्या गाड्यांत बहुधा खालून.

मोकळ्या जागेतली स्वस्त कामं

इंजिन बाहेर आलं की जी पोकळी दिसते, तिथेच खरी बचत दडलेली असते. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या मागच्या बाजूचं ऑइल सील, इंजिन फाउंडेशनचे रबर: हे भाग स्वतः फार महाग नसतात. महाग असतं ते त्यांच्यापर्यंत पोचणं, कारण त्यासाठी गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं. आज ते उतरलेलंच आहे. आता न बदललेलं सील चार महिन्यांनी गळलं तर तेच सगळं काम पुन्हा करावं लागतं. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सगळ्या रबरी नळ्या आणि पट्टे यांनाही हाच न्याय.

आणि याच वेळी मारेकऱ्याला गाडीबाहेर काढायचं. जुनं इंजिन तापून मेलं असेल तर रेडिएटर खोलून साफ करा, पट्ट्या खाल्लेल्या असतील तर बदला. बेअरिंगने मेलं असेल तर ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन काढा किंवा नव्या घ्या, कारण जुन्या इंजिनाच्या धातूचे कण तिथे दबा धरून बसलेले असतात. धुळीने मेलं असेल तर एअर फिल्टरचं घर आणि नळीच्या भेगा तपासा. पाण्याने मेलं असेल तर हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड किती उंचीवर आहे, हे टेपने मोजून ठेवा. गाडी किती पाण्यात घालायची, ते हा आकडा सांगतो.

बसवताना उतरवण्याचा क्रम उलटा करायचा, एक-दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवून. क्लच प्लेट मधोमध बसवण्यासाठी जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा लाकडी खुंटी घाला. गिअरबॉक्सचा शाफ्ट हलक्या हाताने आत सरकला पाहिजे. तोंडाशी अडला तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, मागे घ्या, सरळ करा, पुन्हा लावा. हेडचे बोल्ट आवळायचे ते मधून कडेकडे आणि टप्प्याटप्प्याने. गादीवरची चादर मधून कडेला हात फिरवत सारखी केली की सुरकुती राहत नाही, तसंच. किती आवळायचं हे मनगटावर सोडू नका. टॉर्क पाना भाड्याने मिळतो आणि कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक बोल्टचा आकडा असतो. हेडची पॅकिंग जुनी परत वापरू नका.

पहिला सेल्फ

नवीन बसवलेल्या इंजिनाच्या आयुष्यातली सर्वांत धोक्याची मिनिटं पहिलीच. कारण त्या वेळी बेअरिंगवर ऑइलचा तो पातळ थर नसतो. म्हणून नवं ऑइल आणि नवा फिल्टर भरल्यावर डिझेल बंद ठेवून थोडा थोडा सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये विश्रांती. डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा दिवा विझला, की ऑइल सगळीकडे पोचलं. टर्बो असेल तर त्याच्या ऑइलच्या नळीत आधी हाताने ऑइल सोडा.

मग डिझेल लाइनमधली एअर काढा. हवा दबते आणि डिझेल दबत नाही. लाइनमध्ये बुडबुडा असला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल फवारा मारत नाही. अर्ध्या कटिंग पाण्याने इंजिन मारलं ते याच नियमाने. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा.

इंजिन चालू झालं की लगेच रेस करू नका. मंद चालीवर ठेवा आणि हातात टॉर्च घेऊन चारी बाजूंनी गळती शोधा. पाणी तापेपर्यंत रेडिएटरच्या टाकीतून बुडबुडे येतील, त्यांना येऊ द्या आणि पाणी पुन्हा भरा. साध्या पाण्याऐवजी कूलंट घाला, गंज तोच थांबवतो. बांधलेलं इंजिन असेल तर सुरुवातीला माल कमी ठेवा आणि पहिलं ऑइल नेहमीपेक्षा बरंच लवकर बदला. त्या ऑइलमध्ये आतल्या घासाघाशीतून निघालेला चुरा असतो.

कागद आणि काळं ऑइल

इंजिन नंबर बदलला की गाडीची कागदावरची ओळख बदलते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने करायचा असतो. मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांत तो कळवणं मालकावर बंधनकारक आहे. जुहूच्या एमएच-०२ गाड्यांसाठी हे काम अंधेरी आरटीओचं. इंजिन विकत घेण्याआधीच तिथे जाऊन विचारावं, म्हणजे नंतर नकार मिळून पैसे अडकत नाहीत. विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवा, नाहीतर पुढे दावा अडू शकतो. पाण्यात सेल्फ मारून झालेलं नुकसान बऱ्याच साध्या पॉलिसींत भरून मिळत नाही, हेही नूतनीकरणाच्या वेळी वाचून घ्यावं.

राहिलं उतरवलेलं काळं ऑइल. ते गटारात सोडलं तर कुठे जातं हे जुहूकराला सांगायची गरज नाही. या भागातलं पाणी इर्ला नाल्याने समुद्रात उतरतं. आपल्या इंजिनाचं ऑइल पुढच्या भरतीला आपल्याच चौपाटीवर, मोरागावच्या कोळ्यांच्या जाळ्यात परत येतं. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. ते डब्यात साठवून परवानाधारक गोळा करणाऱ्याला द्यावं. तो ते पुन्हा शुद्ध करायला पाठवतो.

चौकट: थोडक्यात

• पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. नोझल काढून हाताने फिरवून पाहिल्यावरच पुढचं.
• आधी तपासणी, मग खर्च: क्रँक फिरतो का, ऑइल दुधाळ आहे का, फिल्टरमध्ये चुरा आहे का, कॉम्प्रेशन किती.
• चासी थकली असेल तर इंजिनावर खर्च नको.
• काटकसर करा: अवजारं भाड्याने आणण्यात, उतरवणं-जोडणं स्वतः करण्यात, वापरलेलं पण तपासलेलं इंजिन घेण्यात.
• काटकसर नको: पॅकिंग, सील, बेअरिंग, ऑइल, कूलंट, रेडिएटर आणि चेन कप्पीची मजबुती यांत.
• लेथचं काम, पंप-नोझलचं काम आणि बीएस-६ गाडी जाणकाराकडेच द्या.
• पक्कं बिल, इंजिन नंबर, आरटीओची मंजुरी, विम्याला पत्र.

पाऊस येण्याआधी

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. तेव्हा ती धावपट्टी म्हणजे जवळपास चिखलाचं मैदान होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग टाटांची सगळी विमानसेवा, म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, मुक्काम हलवून पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर जायची. जितके वैमानिक तितकेच मेकॅनिक, आणि पाणी चढण्याआधी यंत्र उंचावर.

जुहूच्या टेम्पोवाल्याला पुण्याला जायची गरज नाही. भरतीचं वेळापत्रक पाहून निघणं, जूनआधी रेडिएटर आणि हवेची नळी तपासणं आणि पाणी टेपने मोजलेल्या उंचीजवळ आलं की गाडी तिथेच थांबवणं, इतकं पुरतं. आणि तरीही गाडी पाण्यात बंद पडलीच, तर चावीवरचा हात बाजूला घ्यावा, खाली उतरावं आणि चार माणसं बोलावून ती ढकलत कोरड्यावर आणावी.